विचारणीचा कातळ

हेळवण्याच्या वेशीवर, घाटाकडून येणाऱ्या वाटेला लागून, एक सपाट काळा कातळ आहे. पाहुण्याने गावात पाऊल टाकण्याआधी त्यावर बसायचे आणि आपल्या गावाविषयी असे काहीतरी सांगायचे, जे कुठल्याच कागदावर नाही. तोवर पाणीसुद्धा मिळत नाही. कलेक्टर असो नाहीतर जावई, सूट कोणालाच नाही. यामागची हकिगत गावचे म्हातारे पुनाजी घाडी आल्यागेल्याला सांगतात, आणि मध्येच कुणी घड्याळ पाहिले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

असे सांगतात की, इंग्रजी अमलात जिल्ह्यातल्या साऱ्या गावांची माहिती एका जाड पुस्तकात छापायचे ठरले. कारकून गावोगाव फिरले. हेळवण्याला कारकून आला तो नेमका गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी. दर चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खे गाव गुराढोरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर जाते. तेव्हाही सारे नदीपलीकडे झोपड्या घालून राहिले होते. कारकुनाला दिसली ती बंद दारे आणि थंड चुली. त्याने लिहून टाकले, "ओसाड." नदी ओलांडायचे कष्ट काही त्याने घेतले नाहीत.

वर्षभराने पुस्तक छापून झाले आणि मागोमाग हुकूम आला. गावच नाही, तेव्हा त्याची देवराई सरकारजमा. पावसाआधी झाडे तोडावीत. गावकरी दोनदा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने पुस्तक उघडून पाहिले आणि म्हणाला, "ओसाड गावाचा अर्ज घेण्याची रीत नाही." बापयेमाणसे हात हलवत परतली.

येसू घाडीण मात्र पेटली. देवराईत दिवा लावायचा मान तिच्या घराकडे होता. नवरा गेल्यावर बारा वर्षे, गावपळण सोडली तर, तिने तो एक दिवस चुकवला नव्हता. हुकूम काढणाऱ्या गोऱ्या साहेबाची भीती तिला वाटत नव्हती असे नाही. पण ती झाडे आडवी पडलेली पाहायची भीती त्याहून मोठी होती. चार कोस चालून ती साहेबाच्या तंबूवर गेली.

साहेबाने दुभाष्याकरवी तिला समजावले म्हणे. आमच्या मुलखात दहा घरांचे खेडेही पुस्तकात सापडते. पुस्तकात आहे ते आहे, नाही ते नाही.

"असा?" येसू म्हणाली. "मगे सायबा, तुझो गाव दाखय बगूया."

इतक्या वर्षांत त्याला त्याचे गाव कुणी विचारलेच नव्हते. त्याने पेटीतून विलायतेतल्या गावांचे पुस्तक काढले. त्याच्या गावाच्या नावाची तीन गावे निघाली, तीन वेगळ्या परगण्यांत. बोट फिरवत त्याने आपले गाव शोधले आणि मोठ्या खुशीत वाचून दाखवले. एक देऊळ, दोनशे माणसे, ओढ्यावर एक पाणचक्की.

"ती चक्की अजून दळता?" येसूने विचारले.

साहेबाचे बोट पानावरच थांबले. चक्की त्याच्या बापाची होती, त्याने सांगितले. तो सात वर्षांचा असताना ती जळली, बापासकट. आणि पुस्तक छापले होते त्यानंतर दहा वर्षांनी.

येसूला त्याचे वाईट वाटले. घरातले माणूस जाणे म्हणजे काय, ते तिला ठाऊक होते. पण ती हटली नाही. "तुज्या पुस्तकात जळलली चक्की दळता आणि आमचो जितो गाव मेलो," ती म्हणाली. "झाडां तोडूची आसत तर आधी माका तोड."

साहेबाने हुकूम फाडला. पुढच्या छपाईत दुरुस्ती करू, असेही तो म्हणाला.

"नको," येसू म्हणाली. "आमी आसंव काय नाय, ता आमी तुमच्या पुस्तकाक इचारूचा नाय. ज्याका व्हया त्येना येवन बगूचा."

परतल्यावर ती या कातळावर येऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या गावाचे विचारू लागली. तिच्यामागे तिची सून बसली, मग नातसून.

आजही त्या पुस्तकात हेळवण्यापुढे "ओसाड" हाच शब्द आहे, आणि दुरुस्तीचा अर्ज गावाने कधी केलेला नाही. त्या पानाची छायाप्रत घेऊन अजून कोणी ना कोणी येतो. तेव्हा कातळावरची बाई ते पान वाचून घेते, उठून उभी राहते आणि गावाकडे तोंड करून हाक घालते, "कोण आसा काय रे?"

आणि घराघरांतून ओ येते.