नऊ वेळा मेलेले हुपरीकर सर

“...म्हणजे बचावात ढालकऱ्याला दहापैकी नऊ गुण. हे तुम्हालाही मान्य आहे. मग ढालकरी घेऊनसुद्धा मी मेलो कसा?”

हुपरीकर सरांनी फाइल आपांच्या टेबलावर आपटली. घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती.

आपा झेरॉक्स काढत होत्या. कुणाचं तरी रेशनकार्ड, दोन प्रती.

“बसा की सर.”

“बसायला वेळ नाही. चार वाजता...” सर थांबले. “चार वाजता मला आत जायचंय.”

मी तीन नंबरच्या मशीनवर खेळत होतो. म्हणजे हात खेळत होते, कान सगळा इकडे.

शमशाद आपा कोण, ते सांगतो. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत सहा कॉम्प्युटरचा कॅफे टाकला. वय सहासष्ट. ऑनलाइन खेळतात पंधरा वर्षं. खेळात कुणी अडलं की पार कोल्हापूरहून इथं येतं. आपा फारसं बोलत नाहीत. फारच विचारलं तर मशीनमध्ये कागद भरायला लावतात.

आणि हुपरीकर सर आमच्या शाळेचे. दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायचे आणि कुणी कुठल्या शाखेला जायचं ते सांगायचे. तीस वर्षं हेच केलं. मला कॉमर्स सांगितली होती. मी लेथ चालवतो. असो.

सरांना असं घाबरलेलं बघून आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांचा हात दिसला. फाइलचा कोपरा दुमडायचा, सरळ करायचा, परत दुमडायचा. मग काही बरं वाटलं नाही.

खेळ तसा साधा आहे. सुरुवातीलाच आपण कोण व्हायचं ते निवडायचं. ढालकरी, तिरंदाज, जादूगार, हीलर... असे आठ प्रकार. त्याला क्लास म्हणतात. हीलर म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरून काढणारा. मग पाच-पाच जणांनी मिळून आत शिरायचं. पहिलीच परीक्षा दगडी पुलाची. पुलावर राक्षस.

सरांनी आठ दिवसांत नऊ पात्रं केली होती. नऊच्या नऊ पुलावर मेली.

“आपा, मला एवढंच सांगा. नवख्या माणसानं कुठला क्लास घ्यावा? एका शब्दात. मी लिहून घेतो.”

“पुलावर काय करता तुम्ही?”

“लढतो. माझा जीव निम्म्यावर आला की मागं सरतो. अगदी शास्त्रशुद्ध.”

“आणि मेल्यावर?”

“मेल्यावर काय? ते पात्र पुसून टाकतो. दुसरं करतो.”

“लगेच?”

“चुकलेली निवड उराशी धरून कशाला बसायचं?”

आपांनी झेरॉक्सचं झाकण मिटलं.

“चार वाजता कोण आहे, सर?”

सरांनी घड्याळाकडे बघितलं. वर पंखा कुरकुरत होता.

“मुलगी,” ते शेवटी म्हणाले. “ऋजुता. आयर्लंडला असते.”

“मग चांगलं आहे की.”

“दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही ती.” सर आता बसले. “इंजिनिअरिंग मीच घ्यायला लावलं होतं. शेवटच्या वर्षाला सोडून दिलं तिनं. तेव्हा मी... बोललो काहीबाही. घरात तोंड दाखवू नकोस म्हणालो. तर तिनं खरंच नाही दाखवलं.”

मी गेम थांबवला.

“आईला फोन करते. माझ्यासाठी ‘बाबा जेवले का’ एवढंच. दर शनिवारी ती हा खेळ खेळते, चार जणांबरोबर. आज त्यांच्यातला एक येणार नाही. आमच्या हिनं सहज विचारलं, बाबांना घेतेस का. तर म्हणाली, येऊ देत. एकदाच.”

“हं.”

“एकदाच म्हणाली, आपा.” सरांनी एक बोट वर केलं. “आणि मी पुलावरच मेलो तर? तिच्या मित्रांसमोर तिच्या गळ्यात लोढणं होऊन बसेन मी. पुन्हा कशाला बोलावेल ती?”

आपांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“ती कुठला क्लास खेळते?”

सरांनी फाइल उघडली. आठ क्लासांचे आठ तक्ते होते. हल्ला, बचाव, वेग. लाल शाईनं रेघा मारलेल्या. ते पानं उलटत राहिले. शेवटच्या पानाशी आले आणि पुन्हा पहिल्यावर गेले.

“ते... विचारलं नाही.”

आपांनी फाइल मिटून त्यांच्याकडे सरकवली. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

“चार नंबरवर बसा,” त्या म्हणाल्या. “दहावा केलाय का?”

“सकाळीच केला. तिरंदाज.”

“लावा.”

स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात पाच हिरव्या पट्ट्या असतात, एकाखाली एक. ज्याच्या अंगात जेवढा जीव, तेवढी त्याची पट्टी भरलेली. मार बसला की पट्टी आटत जाते. सगळ्यात वरची आपली. खालच्या चार सोबत्यांच्या.

आपांनी एका वाया गेलेल्या झेरॉक्सची कड फाडली. सेलोटेप घेतला. आणि तो कागद सरांच्या पट्टीवर चिकटवला.

“अहो! माझंच झाकलंत की!”

“हं.”

“मी किती उरलोय ते मला कसं कळणार?”

“नाही कळणार.”

“आपा, ही थट्टेची वेळ आहे का? तास राहिला नाही हातात!”

“खालच्या चौघांचं दिसतंय?”

“दिसतंय.”

“तेवढं बघा.”

सर आत शिरले. सोबत चार अनोळखी. कुठले कोण, देव जाणे. सर दोन बोटांनी बटणं दाबत होते आणि कानामागून घाम ओघळत होता. पुलाच्या मधोमध राक्षस उठला.

सरांची नजर सवयीनं वर गेली. वर कागद होता. नजर खाली आली. पुन्हा वर. पुन्हा कागद.

“देवा...” सर पुटपुटले.

मग एकदम ओरडले. “तिसरा! तिसऱ्याचं कमी होतंय!”

आपा सेलोटेप जागेवर ठेवत होत्या.

“अहो आपा, जादूगार आहे तो. मरेल ना! काय करू?”



सरांनी बाण सोडला. मग दुसरा. मग भराभरा, मोजता येणार नाहीत इतके. जादूगाराला तुडवणारा राक्षस थबकला, वळला आणि सरांच्या अंगावर आला. तिसऱ्याची पट्टी आटायची थांबली.

“वाचला!” सर खुर्चीतून अर्धे उठले. “वाचला बघा!”

आणि सरांचा स्क्रीन राखाडी झाला.

सर मटकन खाली बसले. “दहावा,” म्हणाले. एवढंच. त्यांचा हात माउसवर गेला, कर्सर कोपऱ्यातल्या ‘पात्र पुसा’कडे सरकू लागला.

आपांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“थांबा.”

“मेलोय मी, आपा.”

“मेलेल्या माणसानं जरा पडून राहावं.”

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सर घड्याळाकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे. उरलेले चौघे लढले. राक्षस पडला. चौघे पूल ओलांडून पलीकडे गेले. सरांचा तिरंदाज मधोमध पालथा पडलेला.

“बघा, गेले. दरवेळी जात असणार. झालं आता, दुसरा करायला तरी वेळ...”

“सर,” मी म्हणालो, “कुणीतरी माघारी येतंय.”

पलीकडच्या टोकावरून एक जण वळला होता. पूल लांब आहे. अख्खा पूल तो चालत आला, तिरंदाजापाशी थांबला, वाकला. मिनिटभर तसाच वाकून राहिला. मग उजेड झाला आणि सरांचा तिरंदाज उठून उभा राहिला.

तो जादूगार होता. तिसरा.

सरांनी खुर्ची पुढं ओढली, नाक स्क्रीनला टेकेल इतकी.

“हे... असं उठवता येतं?”

“येतं की.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग नऊ वेळा मला कुणीच कसं नाही उठवलं?”

“तुम्ही थांबला होता का?”

आपा उठून काउंटरला गेल्या. कुणीतरी सातबारा घेऊन उभं होतं.

सरांनी फोन काढला. काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मी मान लांब करून बघितलं, मला लाज नाही. ‘तू कुठला क्लास खेळतेस?’ चार शब्द. लिहायला सात-आठ मिनिटं लागली असतील.

पाठवलं. लगेच निळी खूण आली. तिनं वाचलं होतं.

उत्तर नाही.

तीन पस्तीस. तीन चाळीस. सर उठले, दारापर्यंत गेले, परत आले. फोन पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

“विचारायलाच नको होतं. दोन वर्षांनी माणूस असं विचारतो होय? रागावली असणार. आता ती चारला यायचीच नाही.”

“चहा सांगू का सर?”

“नको रे बाबा.”

मीही गेम सोडून घड्याळ बघायला लागलो होतो. ज्या माणसानं आपल्याला उगाच कॉमर्सला घातलं, त्याच्या पोरीच्या एका मेसेजसाठी मी इथं देव पाण्यात घालून बसलोय, म्हटलं काय हे.

तीन शेहेचाळीसला फोन वाजला.

‘हीलर. चार वर्षं झाली.’

आणि लगोलग दुसरा.

‘का?’

“चार वर्षं,” सर म्हणाले. “म्हणजे घरात होती तेव्हापासून. पलीकडच्याच खोलीत. दार लोटून बसायची. मला वाटायचं अभ्यास करतेय... नाहीतर वेळ घालवतेय. कधी दार उघडून विचारलं नाही मी.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

फाइल शेजारीच होती. त्यांनी तिला हात लावला नाही. फोनवर लिहिलं, ‘मी कुठला घेऊन येऊ?’

या वेळी उत्तराला वेळ लागला नाही.

‘जो असेल तो घेऊन या. फक्त माझ्यापुढं धावू नका बाबा.’

सरांनी ते मला वाचून दाखवलं. मग आपांना. मग बहुतेक स्वतःला, कारण ओठ हलत होते.

“आपा, तिरंदाजच राहू दे ना मग?”

आपा सातबाराच्या प्रती लावत होत्या. मान हलवली की नाही, मला दिसलं नाही.

चारला दोन मिनिटं. सर चार नंबरवर ताठ बसले. फाइल खुर्चीखाली. सकाळचाच तिरंदाज पुलाच्या तोंडाशी उभा. सरांनी त्याचं नाव तिला कळवलं आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

चार वाजले.

चार वाजून एक मिनिट झालं.

“नाही येत ती,” सर म्हणाले.

टिंग वाजलं. डाव्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी उगवली. मग दुसरी, तिसरी. सर नावं वाचत होते आणि प्रत्येक नावाला त्यांचा चेहरा उतरत होता. मग चौथी पट्टी आली. तिच्यावर नाव होतं, ऋजू.

पुलावर एक लहानशी पांढरी आकृती येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. ती नुसती उभी होती. राक्षस उठायच्या आधी वाजतो तो ढोल सुरू झाला.

सरांचा हात एकदम वर गेला. सगळ्यात वरच्या पट्टीवर तो कागद अजून तसाच होता. नखानं ते सेलोटेपचं टोक उचकटू लागले. नख घसरत होतं.

“आपा, हा आता काढतो मी. सरावाला ठीक होतं. आता खरं आहे. आता माझा जीव किती उरलाय ते मला दिसलं पाहिजे!”

आपांनी मान वर केली नाही.

“कशाला, सर? तिला दिसतंय की.”