हिमाईची ओटी

एका राज्यात, जिथे सूर्य अर्धं वर्ष जागतो नि अर्धं वर्ष झोपतो, तिथे उदग्रसेन नावाचा राजा होता. त्याचा ध्रुवसागर म्हणजे चार समुद्र-बहिणी. मीनाई मासे देई, नदाई नद्यांचं गोडं पाणी पोटात घेई, वाटाई दक्षिणेची वाट राखी, आणि हिमाई नुसता बर्फ करी. दर वसंतात राणी चौघींची ओटी भरी.

एका साली राजा म्हणाला, "हिमाई ना मासा देते, ना वाट. वांझेची ओटी कशाला?" अहो, काय ही जीभ! पण राजाला सांगणार कोण?

हिमाई रुसली. तिने बर्फ करणं सोडलं नि शाप दिला, "बर्फावर जन्मली ती बर्फासारखी वितळेल!" बर्फावर जन्मली होती एकुलती राजकन्या तुहिना. तिची करंगळी पाणी होऊन टपकली. रोज एक बोट जाऊ लागलं. राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा समुद्रावर भिरभिरणारा सुरय पक्षी खिडकीत बसून बोलला, "महाराज, हिमाईच्या तिन्ही बहिणींकडून तिच्या ओटीचं सामान मागून आणा. ज्याने नाकारली त्यानेच भरावी. दहावं बोट जायच्या आत!"

ज्याने जन्मात हात पसरला नव्हता, तो राजा एकटा होडीत बसला.

मीनाई म्हणाली, "तिच्या बर्फाखाली शेवाळ धरतं, त्यावर माझे मासे जगतात. घे हा मासा."

नदाई म्हणाली, "माझं गोडं पाणी तीच गोठवून जपते. घे ही घागर."

वाटाई फणकारली, "तिचा बर्फ मी दक्षिणेला नेते, म्हणून पृथ्वीचं अंग तापत नाही. आता काय नेऊ, कपाळ? घे हा शेवटचा तुकडा!"

राजा हिमाईपुढे उभा राहिला. तिकडे नववं बोट गळालं होतं. ओटी कशी भरतात, हे त्याने कधी वळून पाहिलेलंच नव्हतं. एका हाताने टाकू लागला.

"दोन्ही हातांनी, महाराज!" होडीवर घिरट्या घालत सुरय ओरडला.

राजाने दोन्ही हातांनी ओटी भरली. म्हणाला, "आई, चुकलो. या तिघींचं पोट तुझ्यावर चालतं, आणि माझंही. माझी लेक दे."

"एवढंच ऐकायचं होतं," हिमाई म्हणाली. पाणी कडकडलं, क्षितिजापर्यंत बर्फ धरला.

राजा बर्फावरून धावत, धापा टाकत महाली आला. तुहिनेने त्याच्या गालांवर हात ठेवले. दहाही बोटं, गारेगार!

"बाबा, किती घामेजलात!"

राजा हसता हसता रडला. हुश्श! ते घर निवलं, तशी ऐकणाऱ्यांची घरं निवोत.