टिकलीचा खाऊ वाईसदादाच्या तोंडात

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.
बरं, नव्वद टक्के.
उंदीर बोलतो तेवढं सोडा. वाईस बोलतो तेही सोडा.
म्हणजे... चिंच तेवढी खरी. ऐका!

एक होती उंदराची पोर. नाव टिकली. होतीही टिकलीएवढीच.
राहायची भिवातात्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
शेडमध्ये काय? वाईसच वाईस!

वाईस म्हणजे लोखंडाचा जबडा. दांडा फिरवला, गर्र गर्र, की जबडा मिटतो. उलटा फिरवला, गर्र गर्र, की उघडतो. त्यात लाकूड धरायचं, लोखंड धरायचं. हलत नाही की डुलत नाही.

तात्यांना जुन्या वाईसचं भारी वेड. भंगारात वाईस दिसला की आणलाच घरी. घासला, पुसला, तेल पाजलं, हिरवा रंग दिला. असे अठरा झाले.
काकू म्हणाल्या, "एकोणिसावा आणलात तर त्याला घरात घेईन. तुम्ही बाहेर झोपा."

शेडचा नियम एकच. आत मीठ आणायचं नाही! मिठाने लोखंड गंजतं.
तात्या भाकरीसुद्धा बाहेर पायरीवर खायचे. हात धुवायचे. मगच आत.
हा नियम टिकलीला ठाऊक होता. चांगला ठाऊक होता.

एकदा आईने चिंचेचा गोळा दिला. गूळ घातलेला. मीठ लावलेला.
आई म्हणाली, "दोघांनी अर्धा अर्धा खा हं."
दोघं म्हणजे टिकली आणि तिचा धाकटा भाऊ पिटक्या.

पण टिकलीला अर्धा नको होता. तिला अख्खा हवा होता.
ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
कोपऱ्यात सगळ्यात म्हातारा वाईस होता. वाईसदादा. त्याचा जबडा उघडा होता.
टिकलीने गोळा आत ठेवला.
"उद्या खाईन. एकटीच खाईन!"

संध्याकाळी तात्या आले. रोज संध्याकाळी ते सगळे जबडे मिटवायचे. अठरा वाईस, अठरा जबडे. डोळ्यांवर हवा तो चष्मा कपाळावर. गोळा दिसलाच नाही.
गर्र गर्र गर्र... टक्!
झाला बंद!

आत मिठाला पाणी सुटलं. लाल लाल गंज चढला. जबडा पक्का बसला.

पिटक्या रोज विचारायचा, "ताई, माजा अद्दा?"
टिकली रोज म्हणायची, "उद्या."
उद्या, उद्या करत आठ दिवस झाले. आठव्या दिवशी पिटक्याने भोकाड पसरलं. "ऊंऽऽ, माजा अद्दा!"
टिकलीचे कान लाल झाले. शेपटी खाली गेली.

टिकली गेली वाईसदादाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वाईसदादा, वाईसदादा, उघड ना!
पिटक्याचा खाऊ मिळेना!"

वाईसदादा दातांतल्या दातांत म्हणाला, "अं... गंजलोय गं. बुधलीने तेल ओतलं, तर उघडतो."
गंज आणला कोणी, ते त्याने विचारलं नाही. नुसतं टिकलीकडे बघितलं.
टिकलीचे कान लाल झाले. शेपटी खाली गेली.

टिकली गेली तेलाच्या बुधलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
बुधलीचं नाक हे एवढं लांब! ते नेहमी वर.

"बुधलीमावशी, बुधलीमावशी, ओत ना!
वाईस उघडेना,
पिटक्याचा खाऊ मिळेना!"

बुधली म्हणाली, "इश्श! गंजावर तेल ओतू? माझं काही मोल आहे की नाही? आधी ब्रशने घासलं, तर ओतते. पण काय गं, हा गंज आणला कोणी?"
"मला नाही ठाऊक!"
टिकलीचे कान लाल झाले. शेपटी खाली गेली.

टिकली गेली तारेच्या ब्रशकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
ब्रशचे केस उभे. सकाळी उठल्यावर तुमच्या बाबांचे असतात तसे.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, घास ना!
बुधली ओतेना,
वाईस उघडेना,
पिटक्याचा खाऊ मिळेना!"

ब्रश म्हणाला, "कोरडंच घासू? दात पडतील माझे! आधी चिंधीने रॉकेल लावून पुसलं, तर घासतो. पण काय गं, हा गंज आणला कोणी?"
"मला नाही ठाऊक!"
टिकलीचे कान लाल झाले. शेपटी खाली गेली.

टिकली गेली चिंधीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
चिंधी दोरीवर वाळत होती. झुलत होती. हले डुले, हले डुले.

"चिंधीआजी, चिंधीआजी, पूस ना!
ब्रश घासेना,
बुधली ओतेना,
वाईस उघडेना,
पिटक्याचा खाऊ मिळेना!"

चिंधी म्हणाली, "मी कोण, माहीत आहे का? मी काकूंची जरीची साडी होते! म्हणजे... साडीचा काठ. म्हणजे, काठाच्या जवळपास. असू दे. ह्या चिमट्याने मला धरून ठेवलंय. तो सुटला, तर पुसते. पण काय गं, हा गंज आणला कोणी?"
"मला नाही ठाऊक!"
टिकलीचे कान लाल झाले. शेपटी खाली गेली.

टिकली चढली दोरीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.
चिमटा दोरीला चावून बसला होता.

"चिमटेकाका, चिमटेकाका, सुटा ना!
चिंधी पुसेना,
ब्रश घासेना,
बुधली ओतेना,
वाईस उघडेना,
पिटक्याचा खाऊ मिळेना!"

चिमटा म्हणाला, "मी आपला आपण सुटत नसतो. मला दोन बोटं लागतात. तात्या उठले, दोन बोटांनी दाबलं, तर सुटतो. पण काय गं, हा गंज आणला कोणी?"
"मला... मला नाही ठाऊक!"
ह्या वेळी आवाज अगदी बारीक आला.
टिकलीचे कान लाल झाले. शेपटी खाली गेली.

टिकली गेली तात्यांकडे. तुरुतुरु... तुरु... तुरु...
पाय जड झाले होते ना!

तात्या पायरीवर बसले होते. तोंडावर टॉवेल. मान खाली.

"तात्या, तात्या, उठा ना!
चिमटा सुटेना,
चिंधी पुसेना,
ब्रश घासेना,
बुधली ओतेना,
वाईस उघडेना,
पिटक्याचा खाऊ मिळेना!"

तात्या म्हणाले, "मी नाही उठत."
"का हो, तात्या?"
"लाज वाटते."
"तुम्हाला?"

"हो गं पोरी. मी साऱ्या आळीत सांगितलं होतं, भिवाच्या शेडमध्ये गंज दिसला तर मिशी काढीन! आणि आज दिसला. त्या म्हाताऱ्या वाईसवरच. सहा महिने घासला होता गं त्याला. मागच्या आठवड्यात त्याचा जबडा मिटवला, त्या दिवशी मी खारे दाणे खाल्ले होते. मग हात धुतला की नाही? आठवतच नाही. माझ्याच हाताचं मीठ असणार. आता ह्या हाताने मी वाईसला शिवणार नाही. सगळे अठरा देऊन टाकणार भंगारात."

आतून काकू ओरडल्या, "अहो, वस्तरा आणू का? मिशी वाट बघत्ये!"
तात्यांनी टॉवेल आणखी वर ओढला.

टिकली बघतच राहिली.
तात्यांचेही कान लाल होते.
तिच्यासारखेच! पण तात्यांनी काही केलंच नव्हतं.

टिकलीच्या पोटात गोळा आला. चिंचेचा नव्हे. दुसरा.
ती पायरीच्या मागे लपली. मग एक कान बाहेर काढला. मग दुसरा.
(आता वाचणाऱ्याने जांभई द्यायची नाही. महत्त्वाचं चाललंय.)

"तात्या..."
"काय?"
"मला ठाऊक आहे."
"काय ठाऊक आहे?"
"गंज कोणी आणला ते. मी आणला. चिंचेच्या गोळ्याला मीठ होतं. मी तो वाईसदादाच्या तोंडात ठेवला."

तात्यांनी टॉवेल खाली केला.
"नियम ठाऊक होता?"
"हो."
"मग का नेलंस मीठ आत?"
"मला... मला पिटक्याला अर्धा द्यायचा नव्हता."

झालं. सांगून टाकलं. टिकलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.
तात्यांनी मिशी चाचपली. आत काकूंनी हातातला वस्तरा खाली ठेवला, म्हणजे बघा!

मग तात्या टुण्णकन उठले.
"म्हणजे मी हात धुतला होता! अहो, ऐकलंत का? मी हात धुतला होता!"
काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई. एवढ्या ओरडण्याने आळीला कळलं."

तात्या खाली वाकले. बोटाने टिकलीचं नाक दाबलं.
"रागावलोय हं मी. थोडासाच, पण रागावलोय. चल, दांडा तूही ओढायचास."
"ओढते."

मग काय झालं?

तात्या उठले होते. त्यांनी दोन बोटांनी दाबलं.
चिमटा सुटला. चट्!
चिंधी पुसू लागली. फस् फस्!
ब्रश घासू लागला. खर्र खर्र!
बुधली ओतू लागली. टुप् टुप्!
दांडा तात्यांनी ओढला. टिकलीने लोंबकळून ओढला. हूंऽऽ! हूंऽऽ!
कर्र... कुईं... गर्र गर्र गर्र...
वाईसदादा उघडला!

आत चिंचेचा गोळा. पण गोळा कुठला? चपटा! पापडासारखा! कडेने लाल लाल.
तात्यांनी लाल कडा चाकूने काढल्या. बाकीचा टिकलीला दिला. वाईसदादाच्या दातांवरचं मीठ पुसलं, धुतलं, परत तेल लावलं. मिशीलाही थोडं लावलं.

बुधलीने नाक खाली केलं आणि विचारलं, "काय गं, तुला ठाऊक नव्हतं ना?"
ब्रश म्हणाला, "ठाऊक नव्हतं म्हणे!"
चिंधी झुलली. चिमटा म्हणाला, "चट्!"
टिकलीचे कान लाल झाले. पण शेपटी? शेपटी ह्या वेळी थोडी वर होती. अगदी थोडी.

दारात पिटक्या उभा होता. हात पुढे. "ताई, माजा अद्दा!"

टिकलीने गोळ्याचा वास घेतला. नाक मुरडलं.
"शी! चपटा झाला. लोखंडाचा वास येतो. वाईसदादा, एवढा खाऊ नीट सांभाळता नाही आला तुला?"

मग दारापर्यंत न्यायचा म्हणून तिने गोळा तोंडात धरला. अहाहा! आंबट. गोड. खारट. तोंडाला सुटलं पाणी.

वाईसदादा मोठ्ठं तोंड उघडून हसला.
"मी आठ दिवस तोंडात धरला गं. एकदाही गिळला नाही. आता तू दारापर्यंत नेऊन दाखव!"