तिसरा वाजवणारा

सूर धरणाऱ्याने थोरला भाऊ गेल्यावर काय करायचं, हे भैरूने साऱ्या भावकीला विचारून पाहिलं होतं. जालिंदरदादा सनईवर चाल वाजवायचा आणि भैरू शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर अखंड धरायचा. दादाला जाऊन महिना झाला होता. उद्या दादाच्या लेकीचं बारसं होतं, आणि तिने बापाची सनई ऐकलीच पाहिजे, असं भैरूच्या मनाने घेतलं होतं.

दादाच्या वाजवण्याचं मेमरी कार्ड घेऊन तो रूपचंदशेठच्या दुकानात शिरला. "स्वस्तातला, पण चांगल्या आवाजाचा प्लेअर द्या."

शेठ गिऱ्हाइकांकडे बघून हसले. "दोन यत्ता शिकलास, तुला आवाजातलं काय कळतं? हा महागातला घे."

"मग पारख तुम्हीच करा, शेठ. दोन्हींवर हे कार्ड लावा आणि वाजवणारे किती, ते सांगा."

महागडा प्लेअर असा दणाणला, की काउंटरवरची चहाची कपबशी थरथरली. "दोघं," शेठ ऐटीत म्हणाले. "एक सनई, एक संबळ."

मग स्वस्तातला लागला. शेठनी मान कलती केली. "मागे आणखी एक सनई आहे की. तिघं."

"तो तिसरा मी," भैरू म्हणाला. "ज्या प्लेअरने मला अख्खं गिळलं, तोच मला विकताय होय?"

गिऱ्हाइकं खदखदून हसली. शेठनाही हसू आवरेना. त्यांनी स्वस्तातला बांधून दिला.

बारशाला भैरूने तो पाळण्याशेजारी ठेवला. दादाची सनई सुरू झाली, तशी त्याने आपली सनई काढली आणि दादा थांबेपर्यंत सूर धरला.