कोणी न लावलेलं रोप

“…मग आता अजून काय राहिलं, बाबा?”

विश्वंभर विचारत होता. प्रश्न नवा नव्हता. हल्ली तो दर एकादशीला हेच विचारायचा, आणि दर एकादशीला उदेभान बाबा सुपारी कातरत बसायचे.

बाबांचा मठ सातपुड्याच्या पायथ्याशी. मठ म्हणजे दोन खोल्या, एक झरा आणि मागे जुनं दाट रान. ते देवाचं रान; तिथे कोणी कुऱ्हाड नेत नाही. विश्वंभर शहरातली मास्तरकी सोडून इथे आला होता तो दीक्षा घ्यायलाच. दुसरं काही त्याला नको होतं.

“तुम्हीच म्हणाला होता, आधी दया शीक. शिकलो. माझ्यामुळे आता या रानात रक्ताचा थेंब सांडत नाही.”

हे मात्र खरं होतं. आला त्याच आठवड्यात त्याने बिबट्याने फाडलेली चितळाची मादी पाहिली होती, आणि त्याला अन्न गोड लागेना. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो तेलाचा रिकामा डबा बडवत रानाच्या कडेने फिरायचा. जागोजाग शेकोट्या पेटवायचा. बिबट्या शेवटी कंटाळला आणि डोंगरापलीकडे निघून गेला.

चितळं राहिली. वाढली. त्यातलं एक पाडस तर विश्वंभरच्या हातून भाकरी खायचं. त्याचं नाव त्याने चंदू ठेवलं होतं. गावातले लोक त्याला ‘हरणवाले महाराज’ म्हणू लागले होते. दीक्षा मिळायच्या आधीच महाराज. त्याला ते ऐकायला बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोला.

बाबांनी सुपारी तोंडात टाकली.

“बरं. उद्या घे दीक्षा. रीत माहीत हाय ना?”

विश्वंभरला रीत माहीत होती. ज्याला दीक्षा घ्यायची त्याने रानात जायचं. कोणी न लावलेलं, आपोआप उगवलेलं एक रोप शोधायचं. त्याच्या मुळाशी झऱ्याचं पाणी घालायचं. तिथेच गुरू त्याच्या कानात नाव सांगणार. बाबांनी तरुणपणी पाणी घातलेला बेहडा आता मठाच्या छपरावर सावली धरून होता.

“एवढंच ना?” विश्वंभर म्हणाला.

“एवढंच.”

सकाळी तो तांब्या घेऊन निघाला. आंघोळ झालेली, धोतर स्वच्छ धुतलेलं. रान एवढं मोठं, रोपाला काय तोटा, असं त्याला वाटत होतं.

मोहाखाली पाहिलं. काही नव्हतं. कुसुंबाखाली पाहिलं, जांभळाखाली पाहिलं. जुनी झाडं उभी होती, त्यांच्याखाली जमीन मात्र अंगणासारखी लख्ख. कुठे कोंब दिसलाच तर वरून कुरतडलेला. झऱ्याचा काठ खुरांनी ढासळला होता आणि पाणी गढूळ झालं होतं. काठावरच्या झुडपांत बुलबुल घरटी करायचे. ती झुडपंच उरली नव्हती.

रोज तर तो इथून फिरायचा. पण फिरताना त्याचं लक्ष हरणांकडे असायचं.

दुपार टळली. उन्हं कलली तेव्हा, परतताना, मठाच्या अगदी मागेच दोन खडकांच्या फटीत त्याला जांभळाचं एक रोप दिसलं. वीतभर उंच, चार कोवळी पानं. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. त्याने हाक मारून बाबांना बोलावून घेतलं.

“बसा इथे. मी पाणी घेऊन आलोच.”

तो धावत झऱ्यावर गेला. गढूळ पाणी निवळायला थोडा वेळ लागला…

परत आला तेव्हा चंदू खडकापाशी उभा होता. रोप नव्हतं. चंदूच्या तोंडातून एक पान बाहेर लोंबत होतं, तेही हळूहळू आत गेलं.

बाबा शेजारीच बसले होते.

“तुम्ही हाकललं नाही त्याला?”

“काऊन हाकलू? लेकरू हाय. भूक लागली त्याले.”

विश्वंभरच्या हातून तांब्या पडला. त्याने खाली पडलेली वाळकी फांदी उचलली आणि चंदूवर उगारली. जन्मात पहिल्यांदा.

चंदू पळाला नाही. मान वर करून तो फांदीकडे पाहत राहिला, भाकरीकडे पाहावं तसा.

विश्वंभरचा हात तसाच वर राहिला… मग खाली आला. तो मटकन बसला आणि रडला. स्वतःचीच लाज वाटून रडला. चंदूने येऊन त्याचा खांदा हुंगला.

डोळे पुसत तो म्हणाला, “याला पळायचं असतं हेसुद्धा माहीत नाही.”

मग तो बाबांकडे वळला.

“तुम्हाला दिसत होतं सगळं. मला थांबवलं का नाही?”

“वाटलं, चार दिवस डबा बडवशीन अन् थकून जाशीन. तू थकलाच नाही, बाप्पा.”

विश्वंभरला त्या स्थितीतही हसू आलं. लगेच विरलं.

“दीक्षा?”

“रोप सापडलं की मंग.”

“आणि रोप कधी येईल?”



सूर्य डोंगराआड गेला. डबा बडवायची वेळ झाली होती. डबा मठाच्या ओट्यावर होता, उठलं की चार पावलांवर. विश्वंभर उठला नाही. शेकोट्याही पेटल्या नाहीत. चंदू त्याच्या पायाशी पाय दुमडून बसला. रान शांत होतं.

मग डोंगराच्या बाजूने आवाज आला. लाकडावर करवत चालावी तसा. थांबून पुन्हा एकदा.

विश्वंभरने तो ओळखला. बिबट्या परत आला होता. झऱ्यापाशी एका म्हाताऱ्या मादीने पाय आपटला, शेपटी उभारली, आणि सगळा कळप काठ सोडून निघाला. चंदू उठून उभा राहिला. त्याला काय करावं कळत नव्हतं. त्याने विश्वंभरकडे पाहिलं, मग कळपाकडे, आणि अडखळत कळपामागे गेला.

 विश्वंभरने दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले.

“बाबा,” तो अगदी हळू म्हणाला, “माझ्याच्यानं बसवत नाही. निदान प्रार्थना करतो. पण कोणासाठी करू? चंदूसाठी… की त्याच्यासाठी?”

आवाज आता जवळ आला होता. बाबांनी डोळे मिटले.

“दोघायसाठी कर. फक्त मोठ्यानं नोको करू.”