मोगलपुऱ्यातलं पाणी

"मग जाऊ का नको, महाराज?"

"कुठं?"

"हैदराबादला."

"कोणाकडं?"

शेषेराव अडखळला. "कोणाकडं म्हणजे... हैदराबादलाच."

लखनगीर महाराज मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

हा शेषेराव मोजणी खात्यातला. अकरा वर्षं हैदराबादच्या गल्ल्यांतून साखळी ओढत फिरला. दसऱ्याला त्याला वैराग्य आलं, नोकरीला रामराम ठोकून तो मन्याडकाठच्या या मठात आला, आणि होळी येईपर्यंत वैराग्य उतरलंही. संध्याकाळ झाली की पायरीवर बसून आग्नेयेकडं बघत राहायचा. मोजणीवाल्याची दिशा कशी चुकेल? ताटातली भाकरी तशीच वाळून जायची.

गाव अडीच गल्ल्यांचं. त्यात बघायचं काय? समोरच्या घरातली गयाबाई तेवढी येता-जाता हाक मारायची, "बाबा, गूळ-पाणी घेऊन जा की." हा आपला "नंतर, नंतर" म्हणत पुढं. आत्ताही तसंच म्हणून आला होता.

"तुम्हाला नाही कळायचं, महाराज," तो म्हणाला. "त्या शहराची गल्ली न् गल्ली माझ्या पायांना पाठ आहे. डोळे बांधून सोडा, एक वळण चुकणार नाही."

महाराजांनी हात झटकले. उठून शेषेरावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःचेच डोळे मिटून घेतले.

"चल. दाव मला."

"इथं?... अंगणात?"

"पायाला पाठ हाये म्हणलास नं? पाय हितंच हायेत की."

शेषेराव ओशाळला, हसला आणि निघाला. तुळशीपाशी त्यानं अफजलगंज धरलं.

"हा नयापूल, महाराज. खाली मूसी. आता पत्थरगट्टी लागली... सावकाश, हा गुलजार हौज. पाखरं बघा किती!"

"दिसायलीत," मिटल्या डोळ्यांनी महाराज म्हणाले.

"हा लाड बाजार. बांगड्यांची लाख तापलीय, वास येतो का? इथं दुपारी एकटाच उभा राहायचो मी. नुसताच..."

बोलता बोलता त्याला गहिवरून आलं. कडुनिंबाला दोन फेऱ्या झाल्या तरी त्याला भान नव्हतं. चारमिनार मागं पडला.

"हा मोगलपुरा. ही गल्ली नऊ हात रुंद..."

"थांब," महाराज म्हणाले. "तहान लागली."

"कोपऱ्यावर नळ आहे."

"नळाचं नको. कोणाच्या तरी घरी माग. तुझ्या वळखीचं दार कोणतं?"

शेषेराव जागच्या जागी उभा राहिला. दारं सगळी आठवत होती. कुणाला किती पायऱ्या, कुणाची चौकट वाकडी, सगळं.

"एक आहे," तो म्हणाला. "हिरवा पडदा. आत एक म्हातारी राहायची. आम्ही गल्लीत साखळी टाकली की पडद्याआडून हाक यायची, 'पानी पी को जाव, बेटा.'"

"गोड होतं का पाणी?"

शेषेराव अंगठ्यानं माती उकरू लागला.

"प्यालास नं?"

"कामं असायची, महाराज. नंतर पितो म्हणायचो." त्याला हुंदका आवरेना. "शेवटच्या दिवशीसुद्धा नंतरच म्हणालो."

"नाव काय तिचं?"

"कधी विचारलंच नाही."

महाराजांनी डोळे उघडले. ओट्यावर जाऊन बसले, चिंच हातात घेतली. समोरच्या दारात गयाबाई तांदूळ निवडत होती.

शेषेरावानं उपरण्यानं तोंड पुसलं. "मग... जाऊ का नको?"

"खुशाल जा," महाराज म्हणाले. "फकस्त गयाबाईच्या घरचं पाणी पिऊन जा. न्हाई तर तिकडं बसून ह्या अडीच गल्ल्यांसाठी रडशील."