वाघाने न दिलेला शब्द

फार जुनी गोष्ट. वाघाने कोल्ह्याकरवी रानात दवंडी पिटवली, ‘जो मला मुजरा करणार नाही, त्याला मी खाईन.’ सगळं रान मुकाट्याने मुजऱ्याच्या रांगेत उभं राहिलं. एक हरिणी रांगेतून सारखी मागे सरत होती.

“घाबरू नकोस पोरी,” तिच्या पुढचा म्हातारा सांबर म्हणाला. “मुजरा केला की सुटलो. वाघाने शब्द दिलाय.”

हरिणीने तो शब्द पुन्हा मनात घोळवला. मुजरा न करणाऱ्याला खाईन, एवढंच वाघ बोलला होता. करणाऱ्याला सोडीन, असं तो कुठे म्हणाला होता?

“आजोबा, थांबा,” ती कशीबशी म्हणाली.

पण सांबराने मुजऱ्यासाठी मान खाली घातलीच होती. वाघाने झेप घेतली, आणि दिलेला शब्दही मोडला नाही.